शाळा सुटते, मास्तर सुटत नाही

चवथीच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. माटोळी बांधायला मी शिडीवर चढलो होतो. खालून भाचा एकेक वस्तू हातात देत होता. नारळाची पेंड, सुपारीचा घोस, तोरिंग, कांगलां. वडील गेल्यापासून आमच्या घरची माटोळी मीच बांधतो. अर्धी बांधून झाली आणि खिशातला फोन थरथरला. मुख्याध्यापकांचा निरोप होता. "चवथीच्या शुभेच्छांचे चित्र अजून कसे गेले नाही? शेजारच्या शाळेचे दुपारीच आले."

मी खाली उतरलो. पडवीत बसून चित्र तयार केले. गणपती, शाळेचे बोधचिन्ह, व्यवस्थापकांचा फोटो, मुख्याध्यापकांचा फोटो. पाठवले. पाच मिनिटांत परत निरोप आला की संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो राहिला, आणि तो सगळ्यांच्या वर हवा. पुन्हा केले. पुन्हा पाठवले. पाऊण तासाने आत आलो तेव्हा उरलेली माटोळी भाच्याने शेजारच्या मुलाला घेऊन बांधून टाकली होती. चांगली बांधली होती, त्याबद्दल तक्रार नाही. आई समया पुसत बसली होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुमच्या इस्कोलांत चवथ ना रे?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. आज देणार आहे. जरा उशीर झाला, पण असो.

त्या काळात मी एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवत होतो आणि त्याच शाळेचा 'प्रसिद्धीप्रमुख' होतो. शाळेचे नाव सांगत नाही. सांगायची गरजही नाही, कारण गोव्यातल्या दहा शिक्षकांना विचारा, त्यांतले निदान सहासात म्हणतील, "अहो, हे तर आमच्याच शाळेचे लिहिलेय!" हे पद कुठल्याही नियमावलीत नाही. त्याला वेतन नाही, तासिकांत सवलत नाही. ते मिळते कसे, तर जूनमधल्या पहिल्या बैठकीत मुख्याध्यापक कामे वाटतात, आणि प्रसिद्धीपाशी आले की सगळ्यांच्या माना आपोआप मराठीच्या शिक्षकाकडे वळतात. "तुमची भाषा चांगली आहे." झाले. भाषा चांगली असणे हा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा वर्षभर भोगायची आहे, हे तेव्हा कळत नाही. उलट बरे वाटते! मलाही वाटले होते, ते लपवणार नाही. वर्तमानपत्रात शाळेची बातमी आली आणि ती आपण लिहिलेली असली की छाती दोन इंच फुगते. सुरुवातीला या कामाला खतपाणी मीच घातले.

माझे म्हणणे सरळ आहे. शाळेची प्रसिद्धी आणि पालकांशी संपर्क हे काम आहे. सेवा नव्हे, हौस नव्हे, 'सहकार्य' नव्हे. काम. आणि काम म्हटले की त्याला माणूस हवा, वेळ हवा, मोल हवे आणि संपल्याची घंटा हवी. यातले एकही न देता हे काम शिक्षकाच्या खिशात सरकवले गेले आहे, आणि ते त्याची संध्याकाळ खाते आहे. आता गोव्याच्या मराठीचा जो काही संसार आहे, तो शिक्षकांच्या संध्याकाळींवर उभा राहिलेला आहे. म्हणून हे दुखणे एकट्या शिक्षकाच्या घरातले नाही. ते आपल्या सगळ्यांच्या घरातले आहे.

हे काम म्हणजे नेमके काय, ते बाहेरच्यांना ठाऊक नसते. त्यांना वाटते, दोन ओळींची बातमी लिहायची, एक फोटो चिकटवायचा. तर ऐका.

सकाळी साडेसहाला उठल्या उठल्या फोन बघायचा. रात्रीतून खात्याचे एखादे परिपत्रक ग्रुपवर आलेले असते. ते वाचायचे, मुख्याध्यापकांना पाठवायचे, त्यातला पालकांपुरता भाग सोप्या भाषेत लिहून वर्गवार ग्रुपवर टाकायचा. मग दिवस साजरे करायचे. योग दिन २१ जूनला, हिंदी दिवस १४ सप्टेंबरला, संविधान दिन २६ नोव्हेंबरला, मराठी भाषा गौरव दिन २७ फेब्रुवारीला आणि लगेच दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन. २०२२ पासून 'हर घर तिरंगा', २०२४ पासून 'एक पेड माँ के नाम'. यातल्या कुठल्याही दिवसाला माझा विरोध नाही. झाड लावावे, झेंडा लावावा, विज्ञानावर बोलावे. पण आता झाड लावले याला किंमत नाही, झाड लावल्याचा फोटो आजच्या आज वर चढला का, याला आहे. मुले खड्ड्यात माती लोटत असतात आणि मास्तर ओरडत असतो, "थांबा थांबा, इकडे बघा, बॅनर दिसला पाहिजे!" रोपाला पाणी घालायचे राहून जाते. फोटो मात्र रहात नाही.

त्यानंतर बातमी. मराठी दैनिकांना एक, कोकणीला एक, इंग्रजीला एक. नावांचा क्रम चुकता कामा नये. आधी अध्यक्ष, मग व्यवस्थापक, मग प्रमुख पाहुणे, मग मुख्याध्यापक, मग पालक-शिक्षक संघ. एकदा पालक-शिक्षक संघाच्या उपाध्यक्षांचे नाव पानावर जागा नाही म्हणून वर्तमानपत्राने कापले. रात्री सव्वादहाला त्यांचा मला फोन! बक्षीस कोणत्या मुलीला, कशासाठी मिळाले, हे त्या बातमीत शेवटच्या ओळीत होते. तीही ओळ कापली गेली होती. त्याबद्दल कोणाचा फोन आला नाही.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे पालकांचे ग्रुप. "उद्या कोणता युनिफॉर्म?" "गणिताची वही दुरेघी की चौकोनी?" "माझ्या मुलाची डबी वर्गात राहिली, बघाल का?" हे रात्री साडेदहाला. पालकांना मी नावे ठेवत नाही. वेर्णा नाहीतर कुंडईच्या कारखान्यातली दुसरी पाळी संपवून जो बाप घरी येतो, कळंगुटच्या हॉटेलातून जी आई सुटते, तिला मुलाची वही उघडून बघायला तीच वेळ मिळते. त्यांच्या कामालाही घंटा राहिलेली नाही. म्हणजे गंमत बघा, एक दमलेला माणूस दुसऱ्या दमलेल्या माणसाला झोपेतून उठवतो आणि दोघांनाही वाटते की दुसरा आपल्यावर अन्याय करतो आहे. ज्यांनी वेळ आखून द्यायची, ते मात्र निवांत झोपलेले असतात.

हे ग्रुप आले कुठून? २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. वर्ग फोनवर आले. सत्तरीत, सांग्यात मुले रेंज मिळावी म्हणून डोंगर चढत होती. त्या वेळी शिक्षकाने रात्री-अपरात्री फोन उचलला, ते योग्यच केले. घराला आग लागली असताना कोणी घड्याळ बघत नाही. पण आग विझून आता वर्षे लोटली, आणि आम्ही अजून बादल्या घेऊन रांगेत उभेच आहोत. आणीबाणीत घेतलेला शिक्षकाचा वेळ कोणी परत केला नाही. परत करायचा असतो, हेसुद्धा कोणाला आठवत नाही.

आता शिक्षकाच्या संध्याकाळीबद्दल.

मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा काढल्या, हे आपण भाषणांत सांगतो. त्या शाळांनी सकाळी काय केले, तेही सांगतो. संध्याकाळी काय केले, ते सांगत नाही. गावात मास्तर आला की वर्षभरात देवळाच्या मांडावर नाटकाची तालीम सुरू व्हायची. मास्तर संहिता उतरवून काढायचा, ज्याला वाचता येत नाही त्याला संवाद तोंडपाठ करून द्यायचा, आणि नाटकाच्या रात्री विंगेत प्रॉम्प्टर म्हणून उभा रहायचा. वाचनालयाची किल्ली मास्तरच्या कंबरेला. भजनी मंडळाची वही मास्तरच्या अक्षरातली. गावचे पत्र मास्तर वाचणार, गावची बातमी पणजीला मास्तर धाडणार. बा. भ. बोरकर (१९१० ते १९८४) कित्येक वर्षे शिक्षक होते, हे विसरू नका. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत दरवर्षी गावोगावची जी मंडळी उतरतात, त्यांची नावे वाचा. दिग्दर्शक शिक्षक, नेपथ्यकार शिक्षक, नटीचे काम करणारी बाईसुद्धा एखाद्या शाळेची शिक्षिका. हे सगळे लोक दिवसा शिकवायचे आणि संध्याकाळी मोकळे असायचे. त्या मोकळेपणातून आपली मराठी इथे टिकली. सरकारी अनुदानातून नव्हे आणि ठरावांतून तर नव्हेच.

मी स्वतः एका नाटकात होतो. भूमिका मोठी नव्हती, पण तीन प्रवेशांत होती. तालीम रात्री आठ ते दहा. पहिल्या आठवड्यात मी तालमीतून चार वेळा उठून बाहेर गेलो. दुसऱ्या आठवड्यात दिग्दर्शकाने, जो माझा वर्गमित्र आहे, माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, "बाबा, तू एक तर फोन ठेव, नाहीतर पार्ट ठेव." मी पार्ट ठेवला. त्या वर्षी ते नाटक मी प्रेक्षकांत बसून पाहिले. तिसऱ्या प्रवेशाच्या वेळी फोन वाजला आणि तेही पुरते पाहिले नाही.

यावर हमखास एक टोमणा येतो. गोवेकर सुशेगाद! मूळचा पोर्तुगीज 'सोसेगादु', म्हणजे शांत, निवांत. बाहेरच्यांनी त्याचा अर्थ 'आळशी' असा करून टी-शर्टवर छापला. दुपारी एक ते तीन-चार दुकान बंद ठेवणारा आमचा दुकानदार आळशी नाही. आपल्या दिवसातला कोणता भाग विकायचा आणि कोणता नाही, हे त्याला कळते, इतकेच. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, फळी लागली म्हणजे लागली. मग ज्या राज्यात तांदूळ विकणाऱ्याला फळी लावायचा हक्क आहे, त्या राज्यात मुलांना शिकवणाऱ्याला तो का नसावा?

दुसरा टोमणा जास्त बोचरा आहे. "दीडला शाळा सुटते, मे महिन्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, सातव्या आयोगाचा पगार. आणखी काय पाहिजे तुम्हाला?" याचे उत्तर भावनेने नको, हिशेबाने देऊ.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे काम आठवड्याला किमान ४५ तास धरले आहे, पूर्वतयारीसह. हा कायदा आठवीपर्यंतचा आहे, पण हिशेबाला तोच माप म्हणून घेऊ. पावणेआठ ते दीड म्हणजे पावणेसहा तास. शनिवार पुरता धरला तरी आठवड्याचे साडेचौतीस. उरले साडेदहा. भाषेच्या शिक्षकाकडे चार वर्ग, वर्गात चाळीस मुले, म्हणजे १६० वह्या. एका वहीला तीन मिनिटे दिली तर एका फेरीला ८ तास. तीन मिनिटांत निबंध तपासून होतो का, ते ज्याने तपासला त्याला विचारा. उरले अडीच तास. त्यात आठवडाभराच्या धड्यांची तयारी. संपले ४५. आता यात चित्रे, बातम्या, फोटो, अहवाल आणि साडेदहाची दुरेघी वही कुठे बसवायची, ते टोमणा मारणाऱ्याने दाखवावे. मी त्याच्या पाया पडेन. ४५ काय, ४८ तास करा हवे तर. पण मग फोनवरचा प्रत्येक तास त्यात मोजा. न मोजता घेतलेल्या वेळेला आमच्या भाषेत फुकट राबवून घेणे म्हणतात.

त्याच कायद्याचे २७ वे कलम म्हणते की जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुकीची कामे सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावू नये. मग हे काम त्या कलमातून निसटते कसे? तर 'शाळेचेच काम आहे' असे म्हणून. त्याआधी २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की शिक्षकांना निवडणुकीची कामे सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी द्यावीत. मुलांचा तास बुडू नये हा त्यामागचा हेतू, आणि तो बरोबरच आहे. पण यातून एक समज आपल्या डोक्यात पक्की बसली, की मुलांचा वेळ वाचवायचा असेल तर शिक्षकाची सुट्टी कापायची. जणू सुट्टी हा कापायचाच कपडा आहे.

कामगारांची सुट्टी कोणी दानात दिलेली नाही. मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सहा वर्षे झगडून १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. आम्हा गोवेकरांना पोर्तुगिजांच्या अमलात रविवार चर्चच्या घंटेबरोबर आयता मिळाला, म्हणून कदाचित त्याची किंमत कळली नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून, कामाच्या वेळेनंतर फोनला आणि पत्राला उत्तर न देण्याचा हक्क कायद्यात आला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत तसे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. पण मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये एक नियम करायला संसदेची परवानगी लागत नाही.

आता सगळ्यांत अवघड आक्षेप. तो मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे आणि आपल्या वर्मावरचा आहे. "मास्तर, प्रसिद्धी केली नाही तर शाळा बंद पडेल." मराठी शाळांची पटसंख्या उतरते आहे. १९९० नंतर प्राथमिकचे अनुदान देशी भाषांना मिळत होते, २०११ साली इंग्रजी माध्यमालाही ते देण्याचा निर्णय झाला, आणि उतरण अधिकच जाणवू लागली. पट उतरला की वर्ग बंद, वर्ग बंद की शिक्षक अतिरिक्त. या भीतीने मुख्याध्यापक रात्री झोपत नाहीत, म्हणून ते आम्हालाही झोपू देत नाहीत. त्यांची भीती मला समजते. आमच्या मुख्याध्यापकांचाही मी राग धरत नाही. शेजारच्या शाळेचे चित्र दुपारीच आले, हे त्यांना बोचले त्याचे कारण चित्र नव्हते. शेजारच्या शाळेत गेलेली आमची बारा मुले होती.

पण मला सांगा, चवथीचे चित्र बघून कोणत्या आईने आपला मुलगा मराठी शाळेत घातला? मी इतकी वर्षे प्रवेशाच्या टेबलावर बसलो. येणारा पालक सांगतो, "आमच्या शेजारणीची मुलगी तुमच्याकडे होती, तिला बाईंनी फार चांगले सांभाळले." तो विचारतो, बालरथ आमच्या वाड्यावर येतो का, गणिताला कोण आहे, इंग्रजी नीट शिकवता का. फोटो बघून आलो असे म्हणणारा मला एकही भेटला नाही. मुलाला शाळेत आणते ती शिक्षकाची कीर्ती, आणि ती वर्गात तयार होते. ज्या शिक्षकाचे निम्मे लक्ष फोनमध्ये आहे, त्याच्या वर्गात ती कशी तयार होणार? शाळा वाचवण्यासाठी आपण शाळेतली एकमेव वाचवणारी वस्तूच खर्च करतो आहोत. मराठी शाळेसाठी तर हे दुहेरी नुकसान, कारण तिथला मास्तर थकला की वर्गही जातो आणि मांडही जातो.

माझ्यानंतर ते काम एका बाईंकडे गेले. मी सुटलो याचा मला आनंद झाला होता, आज त्याची लाज वाटते. त्या गावच्या महिला भजनी मंडळात गातात. गात होत्या, असे म्हटले पाहिजे. मी घरी गेल्यावर निदान खुर्चीत बसून फोन बघायचो. त्या एका हाताने भाकरी उलटतात आणि दुसऱ्या हाताने ग्रुपला उत्तर देतात. २०२५ साली शैक्षणिक वर्ष जूनऐवजी ७ एप्रिलपासून सुरू झाले, सहावी ते दहावी आणि बारावीचे. पालक चिडले होते, उन्हाळा कडक होता. निर्णय सरकारचा, पण प्रश्न विचारायला सरकार ग्रुपवर नव्हते. बाई होत्या. "तुम्ही मुलांना मारायला निघालात का?" असे त्यांना एकाने लिहिले. त्या मला म्हणाल्या, "सर, मी त्याला काय सांगू? माझीपण मुलगी सातवीत आहे." त्या शुक्रवारी त्या भजनाला गेल्या नाहीत. पुढच्याही नाही. मंडळातल्या बायकांनी दोनदा बोलावणे पाठवले, मग पाठवायचे बंद केले. घरचे म्हणतात, तिचे मन लागत नाही. मन कशाला लावायचे, याला थोडा रिकामा वेळ लागतो हो!

नुसती कुरकूर करून उठणार नाही. शाळांनी येत्या वर्षापासून काय करावे, ते सांगतो. पैसा लागेल अशी गोष्ट यात एकच आहे.

पहिले, शाळेचा फोन वेगळा घ्या. शिक्षकाचा खासगी क्रमांक पालकांच्या हाती द्यायचा नाही. तो फोन शाळा सुटताना मुख्याध्यापकांच्या कपाटात जाईल आणि सकाळी बाहेर येईल. दुसरे, पालकांना रोज एकच सूचना, ठरलेल्या वेळी, दुपारी बारापर्यंत. त्या ग्रुपवर लिहायचा अधिकार फक्त शाळेला. पालकांच्या प्रश्नांसाठी मुलाची डायरी आहे, आणि शनिवारी अर्धा तास समोरासमोर भेट. तिसरे, प्रसिद्धीचे काम करणाऱ्याच्या आठवड्यातल्या किमान चार तासिका कमी करा, किंवा त्याला मानधन द्या. यातले काही करायची ऐपत नसेल तर प्रसिद्धी कमी करा. चौथे, हे काम दरवर्षी फिरते ठेवा. गणिताच्या सरांनाही चार वाक्ये लिहिता येतात. नाही आली तर शिकतील. पाचवे, शुभेच्छांची चित्रे पूर्ण बंद. देवाला आणि देशाला त्यांची गरज नाही.

आणि तातडीचे निरोप? त्यांची यादी करा आणि भिंतीवर लावा. २०२४ च्या जुलैत मुसळधार पावसामुळे सरकारने शाळांना सुट्टी जाहीर केली, तसा निरोप रात्री बारालाही गेला पाहिजे. बालरथाला अपघात, मूल घरी पोचले नाही, शाळेत दुर्घटना, हे आणि असे. एकदा मी आठवडाभर रात्री आठनंतरचे सगळे निरोप वहीत टिपून ठेवले होते. सकाळपर्यंत थांबू शकला नसता असा त्यात एकच निघाला. एका मुलीला ताप चढला होता आणि तिची आई विचारत होती की वर्गात आणखी कोणाला आहे का. तो निरोप मी बाकीच्या गर्दीत रात्री उशिरा पाहिला. ही गोष्ट मला अजून टोचते. सगळेच तातडीचे केले की खरे तातडीचे बुडते, ते असे.

शिक्षकांनाही दोन शब्द. आपण स्वतः यात साव नाही. "पाहिले, करतो सर" असे रात्री अकराला लिहून पाठवण्यात आपल्याला एक सुख असते, आपण किती कामाचे आहोत ते दाखवण्याचे. तुम्ही अकराला उत्तर दिलेत की उद्या तुमच्या नव्या सहकाऱ्याकडूनही तीच अपेक्षा होते, आणि तिच्या घरी तान्हे मूल असते. एकट्याने फोन बंद केला तर तो कामचुकार ठरतो. सगळ्यांनी मिळून केला तर तो नियम होतो. म्हणून एकट्याने करू नका. स्टाफच्या बैठकीत विषय मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या.

आईला द्यायचे उत्तर राहिले. आई, आमच्या शाळेत चवथ होती. फक्त ती कोणाच्या घरी असते, हे आम्ही विसरलो होतो. यंदा माटोळीला मी शिडीवर होतो तेव्हा फोन आत कपाटात, कपड्यांच्या घडीखाली होता. भाचा मोठा झालाय, त्याला आता माटोळी माझ्याहून चांगली जमते, तरी त्याने तोरिंग माझ्याच हातात दिले. वर्गमित्राने पुन्हा नाटक धरले आहे. तालमी आठला सुरू होतात. मला दोन प्रवेशांचे काम दिले आहे, आणि बाईंना नांदीला गायला बोलावले आहे. त्या अजून 'बघते' एवढेच म्हणाल्या आहेत. त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी हे वाचले, तर त्यांनी त्या संध्याकाळपुरता त्यांचा फोन आपल्याकडे मागून घ्यावा, एवढीच विनंती.